सगळे आकडे मर्यादेत, तरी बायोॲसेत मासे मरतात. चूक कुठे शोधू?

ईटीपीवाली | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे, थोडा लांबेल.

कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारा आमचा कारखाना आहे. तिथे मी ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची, लॅब बघते. एम.एस्सी. झाल्यावरची ही पहिलीच नोकरी, दीड वर्ष झालं. रोजचं सांडपाणी साधारण ३०० घनमीटर, शुद्ध होऊन ते खाडीत जातं. न्यूट्रलायझेशन, प्रायमरी क्लॅरिफायर, एअरेशन टँक, सेकंडरी क्लॅरिफायर, शेवटी सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टर, अशी नेहमीची साखळी आहे.

गेल्या महिन्यात आउटलेटच्या पाण्याची बाहेरच्या प्रयोगशाळेकडून पूर्ण तपासणी करून घेतली. पीएच ७.६, सीओडी (पाण्यातल्या सगळ्या सेंद्रिय मालाचं माप) १९०, बीओडी (त्यातला जिवाणू खाऊ शकतात तेवढ्याचं माप) २२, टीएसएस (तरंगते कण) ४०, अमोनिकल नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन) ३८, पीएच सोडून सगळे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये; जड धातू जवळजवळ नाहीतच. सगळं मर्यादेत. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत बायोॲसे, म्हणजे सांडपाण्यात मासे ठेवून किती जगतात ते बघायची चाचणी, होती: १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर १० पैकी शून्य मासे जिवंत. नियम ९० टक्के जगण्याचा आहे.

फोन करून रोजच्या नोंदी मागवल्या, त्यांनी लगेच दिल्या. झेब्रा मासे, काचेची टाकी, तापमान २६ अंश. २४ तासांत १ मेला, ४८ तासांत ६, ७२ तासांत दहाही गेले. निम्मं सांडपाणी आणि निम्मं साधं पाणी असलेल्या टाकीत ९६ तासांत ३ मेले. कंट्रोलचे, म्हणजे नुसत्या साध्या पाण्यातल्या टाकीचे, दहाही ठणठणीत. एअर पंप चालू होता, विरघळलेला ऑक्सिजन ६ च्या खाली गेलाच नाही. शेऱ्यात लिहिलंय, 'मासे अस्वस्थ, वेगाने गोल फिरतात, मधूनच झटके'.

साहेबांचं म्हणणं लॅब चुकली, कारण आमच्या आउटलेटच्या टाकीत गप्पी आणि तिलापिया वर्षभर पोहताहेत. ऑपरेटर काका मला मुद्दाम टाकीपाशी घेऊन गेले, "बघा मॅडम, कसे आहेत!" मासे खरंच छान आहेत. आता दुसऱ्या लॅबकडे नमुना पाठवू, तिथे पास होईल, असं बोलणं चाललंय. मला ते पटत नाही. पण नाही म्हणायचं तर हातात कारण हवं.

कोणी या कामात असेल तर सांगा, मी सुरुवात कुठून करू?

जलपरीक्षक | मंगळवार, सकाळी ७.०५

ईटीपीवाली, तुम्ही नोंदी मागवल्यात हे फार बरं केलंत. बहुतेक जण शेवटची ओळ वाचून भांडायला बसतात.

मी १९ वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे, त्यातली १२ माशांच्या टाक्यांपाशी गेली. तुम्ही दिलेल्यात एक आकडा नाही, आणि मला तोच हवाय. चाचणी संपताना टाकीतला पीएच किती होता? नमुना आला तेव्हाचा ७.६ सांगू नका, शेवटचा विचारा. माझा अंदाज ८.४ ते ८.६.

अंदाज कशावरून ते सांगते. एअरेशन टँकमध्ये जिवाणू माल खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो पाण्यात मुरलेला असतो आणि पीएच खाली धरून ठेवतो. प्रयोगशाळेत त्या पाण्यात पंपाचा दगड बुडबुडे सोडत बसला की हा वायू निघून जातो आणि पीएच हळूहळू चढतो. एरवी त्याने काही बिघडलं नसतं. पण तुमच्या पाण्यात ३८ अमोनिया आहे.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, तो कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, तो थेट रक्तात जातो. कुठला किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. २६ अंशाला पीएच ७.६ असताना मोकळा भाग सुमारे २.४ टक्के, म्हणजे तुमच्या ३८ पैकी ०.९ मिलिग्रॅम. तेच पाणी ८.५ ला पोचलं की भाग होतो १६ टक्के, म्हणजे ६ मिलिग्रॅम. बाहेरून काहीही न घालता साडेसहापट. एक-दोन मिलिग्रॅमच्या पुढे छोटे मासे फार काळ टिकत नाहीत. गोल फिरणं, झटके, ही अमोनियाची लक्षणं मी कितीदा पाहिलीत. पहिल्या दिवशी एकच मेला आणि दुसऱ्या दिवसापासून रांग लागली, तेही यात बसतं, कारण विष टाकीत दर तासाला वाढत होतं.

आता मर्यादांबद्दल. पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ च्या सर्वसाधारण मानकांत नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला अमोनिकल नायट्रोजन ५० पर्यंत चालतो, पीएच ५.५ ते ९ चालतो. मोकळ्या अमोनियाची वेगळी मर्यादा आहे, ५. पण ७.६ ला तुम्ही तिच्या खूपच आत आहात. तांब्याची मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे आणि मृदू पाण्यात कितीतरी मासे १ च्या खालीच मरतात. हे सगळे आकडे एकेकटे मोजलेले आहेत. माशाच्या अंगावर ते एकत्र येतात, म्हणून त्याच मानकांत बायोॲसेची ओळ आहे. साहेबांना ती ओळ रिपोर्टमधली शेवटची म्हणून कमी महत्त्वाची वाटत असेल, मला ती सगळ्यात वरची वाटते.

लॅब चुकू शकते, हेही मी अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्याच वर्षी, जुलैचा महिना होता. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवतात. ते पाणी २४ तास हवा देऊन उघडं ठेवायचं असतं, मी आठ तासांतच वापरलं. दुपारी तीनला कंट्रोल टाकीतले मासे तळाशी आडवे. एकाच्या कल्ल्याचं झाकण सुईने उचलून भिंगाखाली धरलं. एरवी लालबुंद आणि कंगव्यासारखे सुटे दिसणारे कल्ले फिकट पडले होते, वर शेंबडासारखा थर आणि दाते एकमेकांना चिकटलेले. त्या दिवशी पाच कारखान्यांचे नमुने मी स्वतः रद्द केले आणि पाचही जणांना फोन करून चूक सांगितली. कंट्रोलमधले दहा टक्क्यांपेक्षा जास्त मासे मेले तर ती चाचणी धरायचीच नाही, हा नियम त्या दिवसापासून माझ्या हाडात बसला. तुमच्या कंट्रोलचे दहाही जिवंत आहेत आणि ऑक्सिजनही चांगला आहे. त्या लॅबने काम नीट केलंय.

मग काकांच्या टाकीतले मासे का जगतात? तिथे पाणी वाहतं आहे. ताजं, कार्बन डायऑक्साइड भरलेलं पाणी सतत येतं, त्यामुळे पीएच ७.६ च्या आसपासच राहतो. शिवाय तिलापिया भलताच चिवट, आणि तिथले मासे त्या पाण्याला महिनोन्‌महिने सरावलेले. आणखी एक करा. महिन्याला किती मासे काढून टाकावे लागतात आणि किती नवे सोडतात, ते काकांना विचारा. जाब विचारल्यासारखं नाही, सहज चहा पिताना.

कारण नक्की करायचं असेल तर त्याच लॅबला सांगून एका नमुन्याचे सहा भाग करा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ही पद्धत घालून दिली आहे, कुठलं विष आहे ते वजाबाकीने शोधायची. एक भाग जसाच्या तसा. दुसऱ्यात पीएच चारही दिवस ७ वर धरायचा. तिसरा झिओलाइटमधून गाळायचा, तो अमोनिया धरून ठेवतो. चौथ्यात सोडियम थायोसल्फेट, म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात अँटिक्लोर म्हणून मिळतं तेच. पाण्यात क्लोरीन असेल तर ते त्याला निष्प्रभ करतं. पाचव्यात ईडीटीए, ते तांबं-जस्त बांधून टाकतं. सहावा कार्बनमधून, सेंद्रिय विषासाठी. ज्या भागातले मासे जगले, त्या भागातून जे काढलंत ते तुमचं विष. आणि प्रत्येक उपचार साध्या पाण्यावरही करून त्यात मासे ठेवायचे, कारण ईडीटीए जास्त झाला तर त्यानेही मासा मरतो. प्रत्येक भागात पाचच मासे घ्या. शोधायला तेवढे पुरतात, उगाच जास्त जीव घालवू नका.

नमुना घेताना कॅन काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, बर्फात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाचणी सुरू होईल असं बघा.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. पीएच ७ वर धरून मासे जगले की कोणीतरी म्हणेल, "मग तसंच धरून चाचणी करा आणि पास लिहून द्या." ते करू नका. ७ वर धरणं हे शोधण्यासाठी आहे. तुमचं पाणी जिथे जातं तिथे तो वायू तसाही उडून जाणार, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्याचा पीएच मुळातच ८ च्या आसपास असतो.

आणि हो, एअरेशन टँकमध्ये युरिया टाकता का? किती?

ईटीपीवाली | मंगळवार, रात्री ९.४०

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. ९६ तासांनंतरचा पीएच ८.५. त्यांच्या वहीत होता, रिपोर्टमध्ये छापला नव्हता. वाचून हात थरथरले माझे.

युरिया टाकतो. रोज सकाळच्या पाळीत अर्धी गोणी, सोबत थोडं डीएपी खत. प्लांट सुरू झाला तेव्हा कमिशनिंगवाल्यांनी सांगितलं होतं, जिवाणूंना खाद्य म्हणून. तेव्हापासून तसंच चालू आहे. एअरेशनला जाणाऱ्या पाण्याचा बीओडी हल्ली ४०० च्या आसपास असतो. आत येणाऱ्या पाण्यातला अमोनिया मात्र मी कधी मोजलाच नाही. उद्या मोजते.

जलपरीक्षक | बुधवार, सकाळी ६.५०

मग कागद-पेन घ्या.

गोणी ४५ किलोची, युरियात नायट्रोजन ४६ टक्के. अर्ध्या गोणीत १०.३५ किलो. ३०० घनमीटरमध्ये टाकलंत तर लिटरमागे सुमारे ३४.५ मिलिग्रॅम नायट्रोजन. बीओडी १०० ला नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १, हा ठोकताळा सगळेच वापरतात. ४०० ला हवा २०. म्हणजे आत येणाऱ्या पाण्यात अमोनियाचा थेंब नसता तरी तुम्ही गरजेपेक्षा १४-१५ जास्त घालताय. आणि औषधांच्या कच्च्या मालाच्या पाण्यात स्वतःचा नायट्रोजन नसेल असं मला वाटत नाही. उद्याच्या आकड्यात कळेल.

कमिशनिंगच्या वेळी टाकी रिकामी असते, स्लज (जिवाणूंचा गाळ) वाढवायचा असतो, तेव्हा युरिया, शेण, गूळ सगळं लागतं. अडचण अशी की तो डोस कधी बंद करायचा हे कोणी लिहून ठेवत नाही. मी पाहिलेल्या कितीतरी प्लांटवर पाच-पाच वर्षं तीच अर्धी गोणी चालू असते. यात तुमच्या काकांचा दोष नाही, त्यांना जे सांगितलं ते ते इमानाने करताहेत. त्यांच्याशी बोलताना हे लक्षात असू द्या.

युरिया बंद केल्यावरही अमोनिया उरला तर नायट्रीकरण बसवावं लागेल, म्हणजे जिवाणूंकडून अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून घ्यायचं. ते करणारे जिवाणू हळू वाढतात, म्हणून स्लज जास्त दिवस टाकीत राहायला हवा, ऑक्सिजन २ च्या खाली जाता कामा नये. दर १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ ग्रॅमहून थोडी जास्त अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) खर्च होते. ती नसेल तर पीएच कोसळतो आणि काम अर्ध्यावर थांबतं. अर्ध्यावर थांबणं सगळ्यात वाईट, कारण मग नायट्राइट साचतं. अमोनियाचा आकडा छान खाली येतो, सगळे खूश होतात आणि मासे पुन्हा मरतात. नायट्राइटने मेलेल्या माशाचे कल्ले तपकिरी होतात, रक्ताचा रंगच बदलतो. म्हणून यापुढे अमोनिया मोजाल त्या दिवशी नायट्राइटही मोजा.

खाडीकाठचा | बुधवार, दुपारी ३.१५

मी शास्त्रातला नाही. आमचं घर खाडीवर, आज्यापासून मासेमारी. धागा वाचला म्हणून लिहितोय.

आमच्याकडे पूर्वी दारात पाग (फेकायचं जाळं) टाकला तरी बोईट मिळायची. जिताडा पावसाच्या तोंडाला हमखास. चिखलात निवट्या एवढ्या, की पोरं हाताने धरायची. आता जिताडा मिळाला तर गावभर सांगतात. मला विचारायचं आहे ते हे. चार दिवस मासा जगला म्हणजे पाणी चांगलं, असं कसं? आमची खाडी काही चार दिवसांची नाही. आणि तुमचा झेब्रा मासा तर गोड्या पाण्यातला ना?

दुसरी गोष्ट. मासे वर येऊन तोंड मारताना आम्हाला दिसतात ते बहुतेक भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, अष्टमीच्या आगेमागे, दुपारच्या सुकतीला (ओहोटीला). उधाणाच्या दिवसांत असं क्वचित दिसतं. आम्ही हे बैठकीत सांगितलं होतं, तेव्हा पुरावा काय असं विचारलं. आमचे डोळे, आणखी काय पुरावा?

जलपरीक्षक | बुधवार, रात्री ८.३०

दादा, तुमचे दोन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत.

चार दिवसांची चाचणी फक्त एवढंच सांगते, की हे पाणी लगेच मारतं का. मासा जगला पण वाढला नाही, अंडी घातली पण फुटली नाहीत, हे ९६ तासांत दिसत नाही. अमेरिकेत यासाठी सात दिवसांच्या चाचण्या घेतात. पाण्यातला सेरिओडॅफ्निया नावाचा मिलिमीटरभर जीव त्या सांडपाण्यात ठेवतात आणि तो किती पिल्लं देतो ते रोज मोजतात. कितीतरी पाणी असं असतं, की त्यात आई मरत नाही, पण पिल्लं निम्मीसुद्धा होत नाहीत. आपल्याकडच्या सर्वसाधारण मानकांत चार दिवसांचीच अट आहे. माझ्या मते खाडीत जाणाऱ्या पाण्याला ती पुरत नाही, आणि हे मी संधी मिळेल तिथे बोलते.

झेब्रा मासा गोड्या पाण्यातलाच, आपल्या गंगेच्या खोऱ्यातला. लहान, चिवट, वर्षभर मिळतो, जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर काम झालंय म्हणून घेतात. त्याला काही झालं नाही म्हणून बोईटीच्या पिलाला होणार नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

भांगाचं तुम्ही सांगितलंत त्याला आधार आहे. भांगात पाण्याची ये-जा कमी, सोडलेलं पाणी तिथल्या तिथे घुटमळतं, पातळ होत नाही. त्यात अष्टमीच्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर सुकती भर दुपारी येते. उथळ, तापलेलं पाणी, वर ऊन. तारीख, तिथी, वेळ, कुठले मासे आणि किती, एवढं एका वहीत लिहायला लागा. वर्षभराची वही झाली की पुरावा काय, असं कोणी विचारणार नाही.

ऱ्हाइनकाठ | गुरुवार, मध्यरात्री १२.५०

मूळची सांगलीची, सध्या जर्मनीत सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. इथे सांडपाण्याच्या नेहमीच्या तपासणीत जिवंत मासे २००५ पासून वापरत नाहीत, त्याऐवजी झेब्रा माशाची अंडी वापरतात. अंडं काचेसारखं पारदर्शक असतं. ४८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की आतलं हृदय धडधडताना दिसतं, शेपटी बलकापासून सुटलेली दिसते. सांडपाणी कितीपट पातळ केल्यावर दहापैकी नऊ गर्भ शाबूत राहतात, तो आकडा रिपोर्टमध्ये जातो. त्यामुळे नुसतं पास-नापास न राहता, या महिन्यात गेल्या महिन्यापेक्षा बरं की वाईट, तेही कळतं.

ईटीपीवाली, रोजच्या रोज लक्ष ठेवण्यासाठी डॅफ्निया (गोड्या पाण्यातला बारीक जीव) पाळता आली तर बघा. एक फिशटँक आणि हिरवं पाणी एवढ्यावर सुरुवात होते. एक दिवसाच्या आतली पिल्लं घ्यायची, प्रत्येक पेल्यात पाच, असे चार पेले, ४८ तासांनी किती हलत नाहीत ते मोजायचं. पिल्लं धडधाकट आहेत ना हे अधूनमधून पोटॅशियम डायक्रोमेट या ठरलेल्या विषावर तपासायचं. २४ तासांत निम्मी थंडावण्याचा आकडा लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये आला पाहिजे. मात्र तिला २० अंश लागतात, कोकणच्या उन्हाळ्यात एसी खोलीशिवाय जमणार नाही.

ईटीपीवाली | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.१०

सगळ्यांना धन्यवाद. काय काय झालं ते लिहिते.

आत येणाऱ्या पाण्यातच अमोनिया २६ निघाला. म्हणजे जिवाणूंना लागतो तेवढा नायट्रोजन आधीच होता, आमची अर्धी गोणी जवळजवळ सगळी जास्तीची. जलपरीक्षक यांची आकडेमोड साहेबांसमोर एका कागदावर मांडली. ते बराच वेळ गप्प होते, मग युरिया बंद करायला सांगितलं. दुसऱ्या लॅबचं बोलणं पुन्हा निघालं नाही.

बंद करायच्या आधीच्या नमुन्याचे सहा भाग त्याच लॅबकडून करून घेतले. जसाच्या तसा भाग: पाचही मेले. थायोसल्फेट: पाचही मेले. ईडीटीए: पाचही मेले. कार्बन: चार मेले. पीएच ७ वर धरलेला: पाचही जिवंत. झिओलाइट: पाचही जिवंत. चौथ्या दिवशी मी स्वतः तिथे गेले होते. ओळीने ठेवलेल्या टाक्या, सगळ्यांत आमचंच पाणी, रंगही तोच. दोन टाक्यांत मासे काचेपाशी येऊन माझ्या बोटामागे फिरत होते.

युरिया बंद केल्यावर आउटलेटचा अमोनिया पहिल्या आठवड्यात १९, आता ८. नायट्राइट मधे ४ पर्यंत चढलं होतं, तेव्हा ब्लोअरची वेळ वाढवली, सोड्याचा डोस दिला, आता १ च्या खाली आहे. परवा नवी बायोॲसे आली: १०० टक्क्यांत १० पैकी ९ जिवंत. जो मेला तो तिसऱ्या दिवशी मेला. का, ते अजून कळलेलं नाही. पुढच्या नमुन्यालाही सहा भाग करून घेणार आहे.

काकांशी चहावर बोलले. त्यांनी लपवलं काहीच नाही, कोणी विचारलंच नव्हतं म्हणाले. थंडीत क्वचित, पण उन्हाळ्यात आठवड्याला चार-पाच मासे काढावे लागायचे आणि बाजारातून नवे आणून सोडायचे. मी विचारलं, पहाटे मरतात का? ऑक्सिजन कमी पडत असता तर पहाटे मेले असते. "नाही मॅडम, दुपारीच. दोन-तीनला." टाकीच्या एका कोपऱ्यात पाणी फिरत नाही, तिथे हिरवं शेवाळ माजलंय. काल तीन वाजता तिथे पीएच मीटर घातला: ८.९. आउटलेटच्या तोंडाशी ७.६ आणि आठ फुटांवर ८.९. ऊन असलं की शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, तेच ना?

हे बघितल्यापासून खाडीकाठचा दादांनी लिहिलेली दुपारची सुकती डोक्यातून जात नाही. दादा, माझ्याकडे हातात धरायचा पीएच मीटर आहे आणि अमोनियाचं किटही आहे. येत्या अष्टमीला मी सुट्टी टाकते. सुकती किती वाजता लागेल आणि कुठल्या बाजूने उतरायचं, तेवढं कळवा.

खाडीकाठचा | रविवार, रात्री ९.००

ताई, या. साडेबाराला पाणी पुरतं सुकेल, अकरालाच धक्क्यावर या म्हणजे होडीने आत जाता येईल. जेवण आमच्याकडे. वही सुरू केली आहे, तीन पानं झाली.